काट्याची शपथ

कडोदऱ्याच्या चौकात उभ्या टेम्पोवर गाडी आपटली, त्याला दोन महिने होत आले. चार वर्षांच्या धाराच्या कपाळाला पाच टाके पडले, बाकी कोणाला खरचटलंही नाही. दवाखान्यात भूपेंद्रने लेकीच्या पट्टीवर हात ठेवला. "हिची शपथ, स्पीडचा काटा चाळीसवर होता."

त्याच्या आईने, सुभद्राबाईंनी, तो हात झटकला. "आंडेरनी आन लेस का रे, येडा!" त्यांच्या गावाकडे लेकीची आण कोणी अशी उचलत नाही. खोटी निघाली तर लेकीलाच भोवते म्हणतात.

भूपेंद्रची बायको नूतन बी.एस्सी. झालेली. शपथेबिपथेवर तिचा विश्वास नव्हता. तरी तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला ती धाराचं अंग तापलंय का ते बघायची. चाळीसवर असती तर गाडी टेम्पोच्या अलीकडेच थांबली असती; नवरा खोटं बोलला, तेही पोरीच्या डोक्यावर हात ठेवून, एवढंच तिच्या मनात बसलं होतं. ती भांडली नाही, रडली नाही. पोळ्या लाटल्या, डबे भरले, विचारलं तेवढ्याला हो-नाही केलं. आज ती माहेरी, दोंडाईच्याला निघाली होती. भूपेंद्रला आठ दिवस सांगितले होते. परत यायचं नाही, हे तिचं ठरलं होतं.

बारडोली मागे पडली. "मघापासून काय बघतेस?" भूपेंद्रने विचारलं.

"काटा."

"साठच्या वर गेला तर पावती फाड. पोलिसापेक्षा तूच बरी."

ती हसली नाही. मागून धारा ओरडली, "आणखी एक दगड!" पिवळ्या डोक्याचे किलोमीटरचे दगड मोजणं हा तिचा खेळ.

नूतनने मोबाइलचं घड्याळ उघडलं. काटा साठवर, चिकटवल्यासारखा. म्हणजे दगडापासून दगडापर्यंत बरोबर साठ सेकंद लागायला हवेत. पंचावन्न लागले. आपलंच चुकलं असेल. पुढच्या दगडालाही पंचावन्न. त्याच्या पुढे चोपन्न. काटा हलला नव्हता.

"टायर कधी बदललेत?"

"दिवाळीत, अपघाताच्या आधी. पांडेसऱ्यातल्या गॅरेजवाल्या भगवानकडून मोठे बसवले की. गावच्या रस्त्याला गाडीचं पोट घासायचं. का गं?"

"चाक मोठं झालं की एका फेऱ्यात रस्ता जास्त कापला जातो. मीटरला ते कळत नाही, ते जुन्याच हिशेबाने फेरे मोजतं." धडा वाचावा तसा तिचा आवाज. "साठ दाखवतं तेव्हा आपण पासष्टवर असतो. त्या दिवशी चव्वेचाळीसवर होतो."

भूपेंद्रने गाडी कडेला घेतली.

"म्हणजे मी खोटं नव्हतो बोललो."

"नाही."

"पण चाळीसवरही नव्हतो."

"नव्हता. असता, तर कदाचित गाडी टेम्पोच्या अलीकडे थांबली असती."

भूपेंद्रने खिडकीतून वाकून पुढच्या टायरकडे पाहिलं. टायर बसवायची हौस त्याचीच होती.

नूतनला वाटलं, आता तरी हलकं वाटेल. वाटलं नाही. दोन महिने आवळलेली मूठ उघडली होती, पण बोटं आखडलेलीच. धारा मागे आकडे म्हणत होती, सातनंतर थेट नऊ.

"रविवारी न्यायला या," नूतन म्हणाली. "आधी चाकं बदलून."

"रविवार? परवाच तर आहे! आठ दिवस म्हणाली होतीस ना?"

"माहीत आहे." तिने पट्टा नीट केला. "चला. काटा पंचावन्नवर ठेवा, म्हणजे साठ होतील."