कोसमटोला बाहेर पडतो

बारावीच्या पोरांना मी दरवर्षी शिकवतो की ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, मग काय काय झालं. फार झकास शिकवतो, असं निदान माझं तरी मत आहे. सीमेवर ट्रकांच्या रांगा, वाढलेली कागदपत्रं, लंडन सोडून ॲम्स्टरडॅमला गेलेल्या कंपन्या. फळ्यावर बाण काढून काढून खडू संपवतो. दोन वर्षांपूर्वी आचल नावाच्या पोरीनं विचारलं, "सर, एवढा तोटा होता तर ते लोक बाहेर काऊन पडले?" मी म्हणालो, "अगं, लोक येडे असतात." आणि त्याच महिन्यात मी, खुशाल मास्तर, एम.ए. अर्थशास्त्र, आख्खं गाव घेऊन बाहेर पडलो. आता बोला!

कशातून? तर मंडईतून. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. म्हणजे जत्रा हो. दंडार हा आमचा लोकनाच रंगतो, नाटक होतं, शिंगाड्यांचे ढीग लागतात आणि घरोघरी पाहुणे येतात. आमचा कोसमटोला आणि मोहटोल्यासकट आजूबाजूची चार गावं यांचा जुना समझोता होता. पाच गावांनी पाच वेगळे दिवस घ्यायचे, म्हणजे पाहुणे सगळीकडे पुरतात. पाचही गावांच्या दुकानांना एकमेकांकडे जागेचं भाडं नाही, बाहेरच्यांना आहे. नाटकाचे पडदे, लायटिंग यांची वर्गणी सगळ्यांची मिळून.

त्या वर्षी आमचा दिवस आला सगळ्यात शेवटी. लोकांचे खिसे रिकामे झाल्यावर. माझं डोकंच फिरलं. ग्रामसभेत उभा राहिलो आणि भाषण ठोकलं. आपल्या वर्गणीवर मोहटोला नाचून राहिला, आपला दिवस आपण ठरवू, आपलं भाडं आपण घेऊ. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला थांबता येत नाही, हा माझा जन्मजात आजार. बाहेर पडायचा ठराव तिथंच मंजूर झाला. सरपंच भुपेंद्र तर म्हणाला, "सर, तुम्ही पहिल्यांदाच आपल्याला समजेल असं बोलले."

घरी आलो तर प्रेमिला, माझी बायको, उडदाची डाळ निवडत बसली होती. तिचं वड्यांचं दुकान पाचही मंडयांत लागायचं. तिनं स्वतः उभं केलेलं, माझा त्यात एक पैसा नाही की एक घमेलं उचलल्याचे श्रम नाहीत. वर्षभर घरात मास्तरची बायको असलेली ही बाई मंडईत कढईसमोर बसली की मालकीण दिसायची. लोक मला तिथे "वडेवालीचे मिस्टर" म्हणत. मला ते फारसं आवडत नसे, हेही सांगून टाकतो.

"अजी, आन् माह्या दुकानाचं काय?" तिनं विचारलं.

"अगं, वड्यांचा आणि धोरणाचा काय संबंध? हा मोठा विषय आहे."

ती डाळ निवडत राहिली. मी हे संमती म्हणून धरलं. अर्थशास्त्राच्या माणसाला गप्प बसलेली बायको वाचता येत नाही.

आम्ही भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मंडई ठेवली. सगळ्यात चांगला मुहूर्त. मोहटोल्याची मंडई त्याच दिवशी होती, हे मला माहीत होतं, पण ते घाबरून मागे सरकतील असा माझा हिशेब होता. ते कायले सरकतात! नातेवाईक सगळे सामाईक, त्यांनी एकच गाव निवडलं, आणि ते आमचं नव्हतं. आमच्या गावचे जावई सुद्धा सासऱ्याला नमस्कार करून मोहटोल्याला निघून गेले. शेजारच्या गावचा पाळणेवाला भाड्याचं ऐकून अर्ध्या वाटेतून परत फिरला. नाटकाला पडदे नव्हते, म्हणून लग्नातल्या कनाती बांधल्या. राजाच्या महालावर 'शुभविवाह' लिहिलेलं होतं.

भुपेंद्र माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, आता?"

"दीर्घकाळात फायदा होतो," मी म्हणालो. आमच्या विषयात हे वाक्य फार कामाचं आहे. तोवर विचारणारा माणूस घरी जातो.

खरा फटका घरातच बसला. उरलेल्या गावांनी प्रेमिलाला बाहेरची धरलं. भाडं द्या, आणि जागा गुरांच्या टाक्याजवळ. तिनं एक दिवस तिथे दुकान लावून पाहिलं. शेण तुडवत वडे खायला कोण येतो? संध्याकाळी ती पीठ तसंच घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशी कढई, झारा, पाटा-वरवंटा सगळं ऑटोत भरलं.

"कुठं चाललीस?"

"राखीकडे." राखी तिची धाकटी बहीण, मोहटोल्यात दिलेली. "तिच्या नावानं दुकान लावतो. तिले भाडं नाई."

"अगं पण मी?"

"भात लावता येते ना तुम्हाले?"

भात लावता येत नाही. तीन दिवस मी पोह्यांवर काढले. घर अक्षरशः खायला उठलं. चौथ्या दिवशी राहवलं नाही आणि मी तिसऱ्या गावच्या मंडईत जाऊन तिच्या दुकानासमोर रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला. राखीनं द्रोण पुढे केला आणि गालात हसत म्हणाली, "भाऊजी, वीस रुपये."

"आत्ता त्याला दहाला दिला!"

"थो आपल्या चार गावातला होय. बाहेरच्याले वीस."

"प्रेमिला, सांग हिला, मी तुझा नवरा आहे!"

प्रेमिलानं कढईवरून मानही वर केली नाही. "नवरे असा जी, पण गाव कोणतं?"

रांगेतले लोक खदाखदा हसले. माझेच दोन विद्यार्थी होते त्यात. मी वीस रुपये दिले आणि बाजूला जाऊन वडे खाल्ले. वडे इतके सुंदर झाले होते की मला रडू आलं.

तिथून मी थेट मोहटोल्याच्या भैयालालजींकडे गेलो. पाच गावांची मंडई त्यांच्या शब्दावर चालायची. म्हातारा खाटेवर पानाला चुना लावत बसला होता. मी म्हणालो, आमचं चुकलं, परत घ्या.

"घेऊ ना मास्तर," ते म्हणाले. "गाव आपलंच होय. पण दिवस शेवटचाच राहील, आन् पडद्याची वर्गणी दुप्पट."

"दुप्पट कायले?"

"नवे मेंबर ना तुमी."

ग्रामसभेत मी पुन्हा उभा राहिलो. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. कोणीतरी मागून म्हणालं, "मास्तर, आता कोणत्या देशाचं उदाहरण आहे?" मी मान खाली घालून ठराव वाचला, मंजूर झाला, आणि तसाच मोटरसायकल काढून राखीच्या घरी गेलो.

"झालं!" मी दारातूनच ओरडलो. "गाव परत आत गेलं. चल, सामान भर."

प्रेमिला हात पुसत बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं.

"हायवेवर एक गाळा भेटला," ती म्हणाली. "मी आन् राखी मिळून घेतला. ट्रकवाले थांबून राहिले. बारा महिने चालते ते, मंडईची वाटच पाहायची गरज नाई."

"पण आता कोसमटोला बाहेरचा नाही ना! तुझं दुकान..."

"माह्यं दुकान इकडं आलं जी," ती शांतपणे म्हणाली. "तुमी रागावू नका. सोमवारी बंद राहते, सोमवारी येत जाईन मी घरी."

एकदा गेलेली कंपनी करार झाला म्हणून परत येत नाही, यावर मी दहा मार्कांचा प्रश्न काढतो. मी एकट्यानंच मोटरसायकल घराकडे वळवली.

सोमवारी मी रजा टाकली. घर झाडलं, ओटा पुसला, सगळं माझ्या सोयीनं नीट लावलं. ती अकराच्या सुमारास पिशवी घेऊन आली, चप्पल बाहेर काढली आणि खुर्चीत बसली. तिनं ओट्यावर नजर फिरवली. मग म्हणाली, "तहान लागली जी. पाणी कुठं ठेवता तुमी आता?"

मी उठून तांब्या-पेला आणून दिला, पाहुण्यांना देतात तसा, खाली बशी ठेवून.