कोळंबीचा पहिला कंटेनर

द्राक्षांचा हंगाम संपला की ओझरजवळच्या त्या कोल्ड स्टोरेजला कुलूप लागायचं आणि भिकन मुकादमाची टोळी उरलेलं वर्ष मजूरनाक्यावर उभी राहायची. यंदा शेटनं गुजरातहून गोठवलेली कोळंबी आणली. बोट ठरेल तशी ती कंटेनरमध्ये भरून बंदराला पाठवायची. पहिला कंटेनर नीट पोचला तर टोळीला बारा महिने काम. भिकनची बायको विमलाबाई टोळीतच होती. ऐकलं त्या दिवसापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते.

शेटनं जाडजूड जाकिटं आणली, हातमोजे आणले. माणसांना चार शब्द सांगावेत, एवढं मात्र त्याला सुचलं नाही. माणसं जुनीच, मग शिकवायचं काय?

टोळीनं खोकी चोख भरली. वर गार हवा फिरायला जागा राहावी म्हणून आखलेल्या लाल रेघेच्या वर एकही खोकं गेलं नाही. दार लागलं, सील बसलं. मग भिकननं कंटेनरच्या पुढच्या टोकाला, गारव्याच्या मशीनजवळ असलेली हवेची गोल झडप उघडली. द्राक्ष तोडलं तरी श्वास घेतं, त्याला बाहेरची हवा लागते. इतक्या वर्षांचा हात, तो कुठला डोक्याला विचारून चालतोय! सगळ्यांनी पाहिलं, कुणालाच वावगं वाटलं नाही.

बंदरावर बोटीला उशीर झाला. कंटेनर तिष्ठत राहिला. मशीन चालू होतं, पण झडपेतून दमट हवा आत जात राहिली, आतल्या नळ्यांवर बर्फाचा थर धरला आणि गारवा मालापर्यंत पोचेना. उणे अठराचा माल उणे सहावर आला. बोटीवर चढवण्याआधी तपासणी झाली आणि कंटेनर परत फिरवला. वाटेत तर मशीननं मानच टाकली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

ओझरला दार उघडलं तेव्हा खोक्यांतून पाणी गळत होतं. सडका वास सुटला होता. ज्या हातांनी माल भरला त्याच हातांनी उपसून मागच्या खड्ड्यात ओतावा लागला.

"झडप कुणी उघडली?" शेटनं विचारलं.

"मीच," भिकन म्हणाला. "मालाचा जीव गुदमरतो ना, शेट. द्राक्षाला आमी असंच करतो."

"मेलेल्या कोळंबीचा जीव?" ड्रायव्हर राजू फिसकन हसला. त्याला कुणी साथ दिली नाही. भिकन इतका जाणता माणूस, पण त्या घडीला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"टोळी ठेवतो," शेट म्हणाला. "पुढचा कंटेनर उद्याच भरायचाय. मुकादम नको. पटत नसेल तर सगळेच जा, मला किनाऱ्याकडची माणसं मिळतात."

भिकन टोळीकडे बघत राहिला. आमीबी येतो, असं कुणीतरी म्हणेल याची वाट पाहत राहिला. पोरं जाकिटाच्या चेनी वरखाली करत होती. शेवटी त्यानं बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. नाक्यावरून रिकाम्या हातानं दोघं कितीदा घरी परतली होती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

विमलाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि शेटला विचारलं, "उद्या किती वाजता यायचं?"