एक्केचाळीस रिकामे रविवार

"मामा, गेल्या साली तुमच्या तळ्यावरची बदकं गेली कुठं?" खात्याची आकडेवारी सांभाळणाऱ्या ताईंनी संगणकाचा पडदा वळवला.

"गेली? काल रविवारी अडीचशे मोजून आलोय! भुतं पोहत होती काय?"

मामा वनखात्यात पक्षी मोजायचे. अकरा वर्षं दर रविवारी तळ्याकाठी. नजर अशी, की बुडी मारलेलं बदकसुद्धा आधी वर येऊन हजेरी देई, मग मासा गिळी. यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते मामाच जाणोत.

पडद्यावरची गेल्या सालची रेघ मात्र जमिनीवर लोळत होती. सरासरी शेहेचाळीस. बारा वाजता साहेब राखीव तळ्यांची यादी पक्की करणार होते. बदकं नाहीत तर तळं यादीबाहेर, आणि यादीबाहेर म्हणजे भराव टाकायला मोकळं. अकरा वाजून गेले होते.

ताईंनी मामांची वही उघडली. "इथं तर रकाने कोरे आहेत. संगणकात शून्यं कुठून आली?"

शेजारच्या टेबलावरचा कारकून खाकरला. "मीच भरली. कोरं बरं दिसेना."

"अरे शहाण्या," मामा उसळले, "शून्य म्हणजे मी गेलो आणि बदक नव्हतं. कोरं म्हणजे मी गेलोच नाही! स्वतःच्या रजा मोजताना बरा कळतो तुला फरक!"

मामा तारखा वाचत गेले. 'आर' नावाच्या त्या संगणकभाषेत ताई एकेक शून्य पुसून तिथं NA घालत गेल्या, म्हणजे 'माहीत नाही'. एक्केचाळीस रविवार झाले. मग त्यांनी सरासरी विचारली. उत्तर आलं: NA.

"हे काय?"

"एक जरी आकडा माहीत नसला, की हे म्हणतं सरासरीच माहीत नाही."

"आमचे सासरे! एक जण पंगतीला आला नाही, तर कुणालाच वाढायचे नाहीत."

ताई हसत सुटल्या. त्यांनी हुकमात na.rm = TRUE एवढं वाढवलं, म्हणजे नाहीत ते सोड, आहेत त्यांचं सांग.

दोनशे अठरा!

मामा धपकन खुर्चीत बसले. कारकुनानं न सांगता पाण्याचा पेला पुढे केला.

बाराला साहेब आले. नवा आलेख पाहून म्हणाले, "आहेत की बदकं! राहिलं तळं." यादीवर खूण झाली. ताईंनी एवढा मोठा श्वास सोडला, की टेबलावरचे कागद उडाले म्हणतात.

साहेबांचं पेन आलेखावर थांबलं. रेघ मध्येच तुटून बरंच पुढं पुन्हा सुरू झाली होती. "ही फट वाईट दिसते. अंदाजानं जोडून टाका."

मामा उठून उभे राहिले.

"नको साहेब. राहू द्या मोकळी. त्या फटीतच आमची ही दवाखान्यातून बरी होऊन आपल्या पायांनी घरी आली."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.