गटात न बसणारा

समुद्रपूर तालुक्यात शिष्यवृत्ती परीक्षेचा विषय निघाला की कैलास गुरुजींचं नाव निघायचंच. 'गटात न बसणारे पद ओळखा' हा प्रश्न त्यांच्या शाळेतल्या पोरांचा सहसा चुकत नसे. कावळा, चिमणी, वटवाघूळ म्हटलं की पाचवीतलं पोर अर्धवट झोपेतही 'वटवाघूळ!' ओरडायचं. अशा गुरुजींच्या लेकीनं, बारावीतल्या समीक्षानं, सहामाहीला कोऱ्या उत्तरपत्रिका दिल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वर नाव आणि क्रमांक मोत्यासारख्या अक्षरात, खाली पान लख्ख. विचारलं की म्हणायची, "आलं नाई." बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. तिथंही हिनं हेच केलं तर? या धास्तीनं गुरुजींच्या घशाखाली घास उतरेना.

कुणीतरी वर्ध्याच्या समुपदेशक प्रमोदिनीताईंचं नाव सुचवलं. बोरगाव मेघेतल्या आपल्या घरी त्या अडलेल्या मुलामुलींशी बोलत. फोनवर त्या म्हणाल्या, "मी तीन चिठ्ठ्या ठेवते. दोन सारख्या कोणत्या आणि एक वेगळी कोणती, एवढंच विचारते." गुरुजींची कळीच खुलली. हा तर घरचा पेपर! एसटीत बसल्यापासून हिंगणघाट येईपर्यंत त्यांनी लेकीची तयारी करून घेतली. "पहिले प्रकार पाहाचा, मंग उपयोग, मंग आकार. घाई नाई कराची." समीक्षा खिडकीबाहेरच्या कपाशीकडे पाहत "हो बाबा" म्हणत राहिली.

समीक्षाची हरकत नाही असं पाहून ताईंनी गुरुजींनाही आत बसवलं, मात्र तोंड उघडायचं नाही या अटीवर. शिक्षकाला अशी अट म्हणजे शिक्षाच. चिठ्ठ्यांवर घरच्यांची नावं समीक्षानंच लिहिली. ताईंनी त्यातल्या तीन पुढे मांडल्या: आई जयवंता, आबाजी म्हणजे आजोबा वासुदेवराव आणि हैदराबादला इंजिनिअरिंग शिकणारा भाऊ रजत.

आजोबा आणि रजत पुरुष, आई वेगळी. गुरुजींनी मनात उत्तर काढूनही टाकलं. समीक्षानं मात्र आई आणि आबाजी एका बाजूला केले.

"रजत वेगळा," ती म्हणाली. "तो हुशार हाय."

"मग हे दोघं कसे?"

"ढ!" गुरुजींच्या तोंडून निसटलंच. "हुशारच्या उलट ढ!"

"पुस्तकातला शब्द नको, गुरुजी," ताई हसल्या. "मला तिचा हवाय."

समीक्षानं आई-आबाजींच्या चिठ्ठ्या जवळ ओढल्या. "ढ नाई. याईले बाबा विचारतेत, जेवले का. रजतले विचारतेत, किती पडले."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ताईंनी 'समीक्षा' लिहिलेली चिठ्ठी पुढे केली. "ही कुठं ठेवशील?"

"पहिले इकडं होती." तिनं ती रजतशेजारी ठेवली आणि मग हळूच आई-आबाजींकडे सरकवली. "आता इकडं हाय. कोरा पेपर देल्यापासून बाबा रोज विचारतेत. जेवली का, झोप लागली का. डोक्यावरून हात बी फिरवतेत."

गुरुजींना लाज वाटली. दर रविवारी ते रजतला न चुकता फोन करायचे: गुण किती, फी भरली का, ठेव आता फोन. तीन वर्षांत त्याला एकदाही जेवलास का म्हणून विचारल्याचं त्यांना आठवेना. जीव कमी होता असं नाही. हुशार पोराची काळजी कशाला, एवढाच त्यांचा हिशेब.

"मग याचं बरोबर उत्तर कोणतं, ताई?"

"यात बरोबर-चूक नसतं. तिला घर कसं दिसतं ते कळलं. आता ते थोडं वेगळं दिसेल असं काहीतरी करून पाहा. पुढच्या बुधवारी या."

गुरुजींनी बुधवारची वाट पाहिली नाही. वर्ध्याच्या बसस्थानकावरूनच त्यांनी रजतला फोन लावला. त्यानं उचलताच पाढा सुरू केला, "बाबा, सात पॉइंट आठ आले, पण पुढच्या वेळी..."

"ते राहू दे. जेवला का?"

रजतचा आवाज घाबराघुबरा झाला. "काऊन बाबा? आबाजी बरे हायेत ना? समीक्षाले काई झालं का?"

"सगळे मजेत हायेत बापा. तू जेवला का, तेवढं सांग."

"नाई जेवलो," रजत म्हणाला, आणि त्याचा बांध फुटला. मेसची पाणीदार डाळ, रात्रभर घोरणारा खोलीतला मित्र, दोन महिने न जाणारा खोकला, असं सगळं बाहेर आलं. समुद्रपूरची गाडी लागली आणि सुटलीसुद्धा. "बस गेली, बाबा," समीक्षा म्हणाली. गुरुजींनी हातानंच 'जाऊ दे' केलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही.

फोन ठेवल्यावर समीक्षानं चिवड्याचा पुडा त्यांच्यापुढे धरला.

"बोर्डाचा पेपर लिहीन मी. पण बाहेर आल्यावर पहिले काय विचारसान?"

"जेवली का," गुरुजी पटकन म्हणाले.

"अन् मंग?"

गुरुजी सावध झाले. आता चुकायचं नव्हतं. "मंग काईच नाई विचारत."

"असं कसं बाबा! पेपर कसा गेला ते बी विचारा ना. मी काय ढ हाय?"