काजींची सुरी

"काकी, रिक्षा खाली उभी आहे. काजीकाका झाले का तयार?"

दीना दारातूनच ओरडली. उद्या तिच्या लेकीची मेहंदी. कात्रपला किसनच्या दुकानात बारा कोंबड्या राखून ठेवलेल्या, आणि कापायला आमचे हे. आम्हा बेने इस्रायलींत धर्माचं काम बघणाऱ्याला जुनी माणसं काजी म्हणायची. आता पोरं रब्बी म्हणतात. पण बदलापुरात हे अजून काजीच. सासरे काजी, आजेसासरेही काजी.

हे खिडकीपाशी बसून सुरीच्या पात्यावर नख फिरवत होते. पात्याला केसाएवढी खाच असली तरी ते मांस आमच्यात चालत नाही.

"गुळगुळीत आहे," म्हणाले आणि टोपी आणायला आत गेले.

मी लगेच पात्यावर बोट फिरवलं. सहा महिने हेच करतेय. शुगरने यांची बोटं बधिर झालीत, उकळत्या चहाचा पेला धरून गप्पा मारत बसतात. खाच सापडली की मी गुपचूप दगडावर घासून ठेवायची. आज टोकाजवळ नख अडकलं आणि हे तेवढ्यात बाहेर आले.

"काय करतेस गं, सारा?"

कपाळ माझं! आता लपवू काय?

"खाच आहे."

"शक्यच नाही." यांनी पुन्हा नख फिरवलं. एकदा, दोनदा. मग सुरी दीनासमोर धरली. तिने टोकापाशी बोट लावलं आणि मान खाली घातली.

"घासून घ्या ना काका. पाच मिनिटांचं काम. कोणाला कळणारे?"

"मलाच कळत नाही, हाच तर घोटाळा आहे." मग हे एकदम घाबरले. "सारा, गेल्या आठवड्यात सायमनकडे कापली. लहान पोरांनीसुद्धा खाल्लं गं!"

त्यांचा चेहरा बघवेना. "काही झालेलं नाही. सहा महिने दर वेळी मी तपासलीय."

यांनी सुरी खिडकीत ठेवली. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"दीना, ठाण्याहून माणूस मागवू. फोन मीच करतो."

"काका, पण तुमच्याशिवाय..." दीनाला रडूच आलं.

"अगं, जेवायला येणारच आहे मी. लेगपीस ठेव."

ती डोळे पुसत गेली. यांनी सुरी पुसून माझ्या हातात दिली आणि ठाण्याला फोन लावला. चाळीस वर्षं फोनवर 'काजी बोलतोय' म्हणणारा माणूस घसा साफ करून म्हणाला, "शालोम. मी बदलापूरहून इलियाझर बोलतोय."