पेटी सावद्यात, की धुळ्यात

सकाळी साडेदहाला सावद्यात वीज गेली. सुपडूभाऊंचं जनरेटर दोनदा धडधडलं आणि बंद पडलं. केळी पिकवायच्या चेंबरमधली थंड हवा थांबली, दाराजवळचे आकडे विझले. पण सुपडूभाऊंच्या मोबाइलवर चेंबरचं तापमान येतच राहिलं. सोळा पूर्णांक चार.

पाऊण तास वाट पाहून त्यांनी जळगावला समीक्षाला फोन लावला. चेंबरमधली तापमान मोजणारी पेटी ज्या कंपनीची होती, तिथल्या तक्रारी समीक्षा बघायची.

"ताई, तुमची पेटी खरं बोलते का?"

"का हो भाऊ, काय झालं?"

"लाइट गेली. आत माल गॅस देऊन कोंडलाय. अन् ही बया सोळाच्या पुढं सरकतच नाही."

केळीला गॅस दिला की पुढचा दिवसभर दार उघडायचं नसतं. गॅस निघून गेला तर घड अर्धा पिवळा, अर्धा हिरवा राहतो. पण गॅस लागलेली केळी स्वतःही तापते. थंड हवा नसेल तर आतल्या आत उकडून मऊ पडते. सुपडूभाऊंनी इतकी वर्षं माल बांधावरूनच व्यापाऱ्याला दिला होता. स्वतः पिकवून विकायचा हा पहिलाच घाणा, आणि उद्या पहाटे इंदूरची गाडी यायची होती. दार उघडायचं की नाही, एवढंच ठरवायचं होतं. ते त्या आकड्यावर अवलंबून होतं.

समीक्षानं तपासणीचं टूल उघडलं. पेटीचा निरोप मोबाइलपर्यंत नेणारी जी यंत्रणा, जिला ऑफिसात सगळे एपीआय म्हणत, तिला ते टूल दोन प्रश्न विचारतं. तू ठीक आहेस का? आणि ही पेटी तुझ्या ओळखीची आहे का? दोन्ही उत्तरं हिरवी आली. सेवा सुरू. ओळख मान्य. तिनं पुन्हा तपासलं. तेच. शेवटची नोंदही शिळी नव्हती, मिनिटापूर्वीची होती.

"टूल म्हणतंय सगळं ठीक आहे."

"मग त्या टूललाच जरा चेंबरमध्ये पाठवा."

समीक्षाला हसू आलं, पण लगेच दुसरी गोष्ट खटकली. पेटी विजेवर चालते. वीज नाही, तर पेटी बोलते कशी? जुन्या पेट्यांमध्ये बॅटरी असायची, नव्यांमध्ये नाही.

"भाऊ, तुमची पेटी जुनी की नवी? मागं लिहिलेलं असतं."

"पेटी आत आहे ना, माय! दार उघडल्याबिगर वाचू कसं?"

मागून बाईचा आवाज आला. "अहो, पेटी धुळ्याला गेली होती ते सांगा ना त्यांना."

"तूच सांग. तुझ्याच माहेरचं लफडं आहे."

पुष्पाबाईंनी फोन घेतला. चेंबर बांधून झालं तेव्हा दारच आलं नव्हतं. पेटी नुसती पडून होती. धुळ्याला त्यांचा भाऊ ज्ञानेश्वर पपई पिकवतो. त्याच्या खोलीत याच कंपनीची एक पेटी होती, दुसऱ्या कोपऱ्यासाठी आणखी एक हवी होती. मग फवारणीचा पंप जातो, ताडपत्री जाते, तशी पेटीही गेली. आखाजीच्या सणाला पुष्पाबाई माहेरी गेल्या आणि येताना ती घेऊन आल्या.

"तीच आणली ना, ताई? तुमचीच?"

"भावानं काढून दिली ती आणली. सांजोऱ्यांच्या डब्यावर ठेवली होती. दोन्ही दिसायला एकसारख्याच."

टूल पेटीच्या आतली खूण तपासतं. ती खूण सुपडूभाऊंच्या नावावर नोंदलेली आहे, एवढं त्याला कळतं. पेटी कुठल्या भिंतीला टांगली आहे, ते कळत नाही. पपईची खोलीही साधारण तेवढीच गार असते.

तिनं ज्ञानेश्वरच्या नावावरची पेटी तपासली. ती साडेदहापासून मुकी होती. सावद्याची वीज गेली तीच वेळ. पेट्यांची अदलाबदल झाल्याची तिला जवळजवळ खात्रीच झाली. तिनं धुळ्याला फोन केला.

"आठे बठ्ठं बराबर शे, ताई," ज्ञानेश्वर अहिराणीत म्हणाला. तिकडे सगळं ठीक होतं. "लाइट शे. खोलीमा सकायले सोळा-सतरा व्हतं."

"तुमची पेटी बंद का आहे?"

"ती मीच काढी ठेवी. कूलरले पॉइंट पाहिजे व्हता."

"किती वाजता?"

"चहा पीसन. दहा, साडेदहा व्हई."

"आता कुठे आहे?"

"तठेच, खोलीमा."

म्हणजे दोन्ही पेट्यांची वीज एकाच सुमारास तुटली होती. त्यातली एक बॅटरीवर बोलत होती, दुसरी मुकी झाली होती. बोलणारी सुपडूभाऊंची, एवढं टूल ठामपणे सांगत होतं. ती सावद्यात असेल तर केळी अजून गार होती. धुळ्यात असेल तर केळीची खबर तासाभरापासून कुणालाच नव्हती.

"ज्ञानेश्वरभाऊ, ती पेटी उचलून जरा उन्हात ठेवता का?"

"मी मार्केटमा शे. घर जावाले तासभर लागी."

"लवकर जा. ठेवली की लगेच फोन करा. इथला आकडा चढला, तर ती पेटी सुपडूभाऊंची."

सावद्यात तासभर थांबायची कुणाची तयारी नव्हती. सुपडूभाऊ चेंबरच्या दाराशीच उभे होते.

"ताई, तुम्ही शिकलेल्या. उघडू का नको?"

"भाऊ, मला खरंच माहीत नाही. ज्ञानेश्वरभाऊ घरी पोचले की कळेल."

"तोवर आत शिरा झाला तर?"

"आणि गार असलं, अन् तुम्ही उघडलं तर?"

पुष्पाबाई काहीतरी म्हणाल्या, ते नीट ऐकू आलं नाही. फोन कटला.

समीक्षानं टूल चालूच ठेवलं. दर मिनिटाला तेच यायचं. सेवा सुरू, ओळख मान्य, सोळा पूर्णांक चार. सव्वाबाराच्या सुमारास तिनं दोघांनाही फोन लावले. सुपडूभाऊंचा लागेना. ज्ञानेश्वरचा वाजत राहिला.

बारा वाजून सव्वीस मिनिटांनी आकडा बदलला. सोळा पूर्णांक नऊ. मग सतरा पूर्णांक तीन. सावद्यात दार उघडलं असेल, किंवा धुळ्यात कुणी पेटी उन्हात नेली असेल. अजून दोघांपैकी कुणीही फोन उचललेला नाही. टूलची दोन्ही उत्तरं हिरवीच आहेत.