बंडी काढली

अण्णाजींनी उजवा हात छातीइतका वर धरला होता आणि मुठीत पायजम्याची नाडी होती. नाडीचं दुसरं टोक इलाने खिडकीच्या गजाला बांधलं होतं. गजापाशी बैल आहेत असं समजायचं आणि नाडी म्हणजे कासरा.

"हात खाली नका घेऊ, मामाजी."

"म्या कुठी घेतो? बैल वढून राह्यले."

इला हसली आणि सासऱ्यांच्या मिशीचा डावा आकडा पुन्हा खोडून काढू लागली. आतली सगळी पानं रंगवून, स्कॅन करून पुण्याला गेली होती. मुखपृष्ठ तेवढं राहिलं होतं. लग्नपत्रिकांवरचे गणपती आणि शाळेच्या गाईडांतली बेडकाची पचनसंस्था काढून काढून कंटाळल्यावर तिला पहिल्यांदाच अख्खं पुस्तक मिळालं होतं. लहान मुलांचं, 'आजोबांची बंडी' नावाचं. लिहिलं होतं पुण्याच्या सदाशिवराव नावाच्या वयस्कर लेखकांनी, आणि संपादक होती ऋचा.

तिचाच फोन आला. इलाची बोटं शिसाने काळी झाली होती, म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला आणि फोन बाहेरच्या ओट्यावर ठेवून खिडकीबाहेर अंगणात उभी राहिली.

"इला, चित्रं फार सुंदर झालीयेत. आजोबा तर अगदी जिवंत. पण बंडी कुठे आहे?"

"सगळ्या पानांवर आहे की."

"मला बैलगाडी दिसतेय."

"हो ना. बंडीच."

ऋचाने अगदी सांभाळून विचारलं, "इला, बंडी म्हणजे अंगात घालतात ती गं. बिनबाह्यांची, खिसे असलेली. तुमच्याकडे तिला काय म्हणतात?"

इलाच्या समोर, कडुनिंबाखाली, धुऊन-पुसून उभी केलेली बंडी होती. दोन चाकं, धुरा, जू. हिंगणघाटला तिच्या माहेरी हिला बंडी म्हणत, नाचणगावला सासरी बंडी म्हणत, आणि जगात हिला दुसरं काही म्हणत असतील असं तिच्या मनातही आलं नव्हतं. अंगातली बंडी शाळेच्या कुठल्याशा धड्यात भेटली असेल, पण ती परीक्षेपुरती.

मजकूर तिला तोंडपाठ होता. 'आजोबांची बंडी जुनी झाली होती, पण त्यांना ती सोडवत नसे. बंडीत काय नव्हतं! बोरं होती, चिंचा होत्या, एकदा तर मांजरीचं पिल्लूसुद्धा होतं.' बरोबरच होतं की. 'आजोबांनी नदीवर नेऊन बंडी स्वच्छ धुतली.' चाकं अर्ध्यापर्यंत पाण्यात, असं चित्र तिने काढलं होतं. 'आजोबांनी बंडी काढली आणि आंब्याखाली ठेवली.' झोकात ठेवली होती. एका वाक्यापाशी मात्र ती अडली होती. 'रात्री बंडी उशाशी घेऊन आजोबा झोपत.' तेव्हा तिने अण्णाजींनाच विचारलं होतं, आणि ते म्हणाले होते, "झोपतेच मानूस. चोरीचं भेव असते." मग तिने बंडीच्या धुऱ्याला लागून खाट काढली होती.

"चूक माझीही आहे," ऋचा म्हणाली. "चेहऱ्यांचे नमुने पाहिले आणि मी खूश झाले. पानांचे कच्चे आराखडे मागवायला हवे होते. सदाशिवरावांना अजून काही दाखवलेलं नाही. इला, सगळं परत करावं लागेल. जमेल का? नसेल जमत तर मोकळेपणाने सांग, मी दुसऱ्या कुणाला विचारते."

"जमेल," इला म्हणाली. इतक्या घाईने म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं.

रडू येत होतं आणि हसूही येत होतं. दोन्ही दारात एकदम अडकल्यामुळे एकही बाहेर पडेना. ती आत आली तेव्हा अण्णाजी हात तसाच वर धरून बसले होते.

"काय म्हनते पुन्याची बाई?"

"चित्रं सुंदर झाली म्हणते. आजोबा जिवंत वाटतात म्हणते."

"मंग? हावोच जिवंत." त्यांनी नाडी हलकेच सोडली आणि खांदा चोळला. "आता राहू दे आजच्यासाठी. हात भरून आला."

ही बातमी त्यांना सांगायची कशी, हे इलाला सुचेना. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा रस्त्याकडची ही खोली कापसाची होती. खिडकीचा उजेड चांगला म्हणून तिने ती मागितली आणि अण्णाजींनी दिली, पण मनातून नाही. सून दिवसभर दार लावून काय करते, असं कुणी विचारलं की ते "काई कागदाचं करते" म्हणत आणि विषय बदलत. या पुस्तकाने ते पालटलं. गाडीतळावरच्या टपरीवर, दूध केंद्रावर, पुलगावच्या बाजारात, जो भेटेल त्याला ते सांगत सुटले होते: माह्या सुनेनं मले पुस्तकात घेतलं, बंडीसंगट. शेडमध्ये पडलेली जुनी बंडी त्यांनी स्वतः ओढून बाहेर काढली होती, चाकांना तेल दिलं होतं. आता पुस्तकात बंडी नाही म्हटलं तर गाव वर्षानुवर्षं हसलं असतं. सदऱ्याच्या जागी बैलगाडी काढणारी सून, आणि तिच्या गाडीवर मिशा पिळून बसलेला सासरा! स्वतःचं हसं झालेलं तिने सोसलं असतं. त्यांचं तिला सोसवणार नव्हतं.

तिने आधी सासूला गाठलं.

"आई, मले एक बंडी शिवून द्या न."

रुख्माबाई कांदे चिरत होत्या. त्यांनी विळीवरून मान वर केली. "बंडी सुतार करते वं. म्या काऊन शिवू?"

मग इलाने सगळं सांगितलं. रुख्माबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला, तरी डोळ्यांतून पाणी आलंच, आणि ते कांद्याचं नव्हतं. हसून झाल्यावर त्या गंभीर झाल्या.

"ह्याहिले सांगतलं? तुह्या मामाजीले?"

"नाई. तुमी बी सांगू नका."

"मी नाई सांगत. पन किती दिवस लपवशीन?"

रुख्माबाईंनी जुन्या खादीच्या चादरीतून बिनबाह्यांची, दोन मोठ्या खिशांची बंडी शिवली. इलाने ती अण्णाजींपुढे धरली आणि डोळे चुकवत म्हणाली, "मामाजी, काही पानं वाढली आहेत. हे घालून बसावं लागेल."

अण्णाजींनी बंडी उलटीपालटी करून पाहिली, खिशांत हात घालून पाहिले आणि अंगात चढवली. नेहमी ते शंभर गोष्टी विचारत. आज काहीच विचारलं नाही. इलाला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्यात तिला त्यांचं गप्प राहणं दिसलंच नाही.

पुढचे दिवस ती मान वर न करता काम करत होती. अण्णाजी ती सांगेल तसे बसले. घमेल्यावर वाकून बंडी धुतली. खिशात बोरं भरली आणि बैठक संपेपर्यंत अर्धी खाल्ली. शेजारच्या वच्छलाबाईंचं मांजराचं पिल्लू आणलं तेव्हा त्याने खिशातून बाहेर येताना त्यांच्या पोटावर ओरखडे काढले, तरी ते हलले नाहीत. उशाशी बंडी घेऊन खाटेवर पडले तेव्हा तर खरेच झोपले. इला त्यांच्या घोरण्याच्या तालावर रंग भरत राहिली. ही चित्रं आधीच्यांहून बरी होताहेत हे तिच्या लक्षात येत होतं. आधी माणूस बंडीवर दूर बसलेला असायचा. आता तो पानभर होता, आणि कापडाच्या प्रत्येक चुणीत त्याचं वय दिसत होतं.

बैठक संपली तरी अण्णाजी बंडी अंगातून काढेनात. तसेच टपरीवर जात, तसेच बाजाराला.

"मामाजी, मळेल ती."

"मळू दे. अंगाले बरी वाटते."

सदाशिवरावांना चित्रं आवडली. ऋचाने कळवलं की ते बराच वेळ एकाच पानाकडे पाहत बसले होते, झोपलेल्या आजोबांच्या, आणि मग म्हणाले, हे माझे आजोबा या बाईंना कुठे भेटले? इलाने तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला आणि शेवटी रुख्माबाईंना वाचून दाखवला. अण्णाजींना दाखवायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण मग बाकीचंही सांगावं लागलं असतं.

संक्रांत उलटल्यावर पुस्तकांचा खोका आला. तो पोचवणाऱ्या पोऱ्याने घर टपरीवर विचारलं होतं, त्यामुळे इलाच्या आधी गावाला कळलं होतं. अण्णाजी बंडी घालून दारातच उभे होते.

"आन एक इकडे."

"मामाजी, थांबा. मले तुमाले एक सांगाचं हाय."

"मंग सांग. लोकं वाट पाहून राह्यले."

त्यांनी तिच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि चालायला लागले. इला पायांत चप्पल सरकवून मागोमाग धावली. वाटेत दोनदा तिने तोंड उघडलं आणि दोन्हीदा कुणीतरी रामराम घातला.

टपरीपाशी सात-आठजण होते. वच्छलाबाईसुद्धा दुधाची किटली घेऊन उभ्या होत्या. अण्णाजींनी पुस्तक बाकावर ठेवलं, चष्मा पुसला आणि पहिलं पान उघडलं. इलाला वाटलं, आता कुणीतरी विचारणार, अन् बंडी कुठी हाय?

वच्छलाबाई वाकल्या आणि त्यांनी चित्रावर, आजोबांच्या छातीवर, बोट टेकवलं.

"अवो माय! बंडी त हुबेहूब निघाली. खिसे पाहा, खिसे!"

"रंग बी तोच," टपरीवाला म्हणाला. "अण्णाजी, बंडीवरचा चहाचा डाग तेवढा नाई घेतला सुनेनं."

सगळे हसले. चित्राला नाही, डागाला. पुस्तक या हातातून त्या हातात गेलं. जो तो अण्णाजींच्या अंगाकडे आणि मग पानाकडे पाहत होता, आणि जो तो त्या कापडाला बंडी म्हणत होता, जणू नाचणगावात सात पिढ्या हेच म्हणत आले होते. इला मात्र सासऱ्यांकडे पाहत होती. ते अंगठे खिशांत अडकवून रस्त्याकडे बघत होते.

परतताना वाटेत इलाने विचारलंच.

"तुमाले कधी कळलं, मामाजी?"

"त्याच दिवशी. पुन्याची बाई लय मोठ्यानं बोलते." त्यांनी घसा खाकरला. "नाडी हातात होती माह्या. सोडून येऊ कसा?"

"मंग बोलले काऊन नाई?"

"तू बोलली का?"

इलाला एकदम भरून आलं. तिने पदराने डोळे पुसले, आणि अण्णाजींनी ते न पाहिल्यासारखं केलं. गावात कुणी काय म्हणायचं हे त्यांनी महिनोन्‌महिने, बंडी अंगात घालून, एकेकाला शिकवलं होतं. पुन्याकडे ह्याले बंडी म्हनतेत, माहीत नाई तुले? असं म्हणाले असतील, तिला ऐकूच आलं.

अंगणात आल्यावर अण्णाजी कडुनिंबाखालच्या बंडीपाशी थांबले. त्यांनी चाकावर हात ठेवला.

"अन् हिचे चित्रं? फेकले त नाईस?"

"नाई. कपाटावर हायेत. सगळे."

"त्याले लिहिनारं कोनी भेटन का?"

"तुमी सांगा. मी लिहितो," इला म्हणाली.

अण्णाजी बंडीवर चढून बसले, अंगातली बंडी नीट खाली ओढली, मिशीवरून बोट फिरवलं आणि उजवा हात छातीइतका वर धरला.

"जाय, नाडी आन," ते म्हणाले. "मुखपृष्ठ राह्यलं हाय तुहं."